म्हाताऱ्याच्या तोंडी तुमची हिंदी

बाबा, आज नोएडातल्या एका तळघरात एक अमेरिकन म्हातारा तुमच्यासारखा बोलला. घरी येताना मेट्रोत मी एकटाच हसत होतो, समोरची बाई पर्स सांभाळून बसली. तुमच्या सुनेला सांगितलं, तिलाही आवडलं, पण तिने तुम्हाला पाहिलेलं नाही, त्यामुळे निम्मी गोष्ट तिच्या हाती लागत नाही. म्हणून तुम्हालाच लिहितो आहे.

म्हातारा खरा नाही. कार्टून आहे. लगेच नाक मुरडू नका, हे लहान मुलांचं नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी स्वतःवर आणि गोऱ्यांवर केलेली मालिका आहे. एक निवृत्त बसड्रायव्हर, तोच हा म्हातारा, आणि त्याची विधवा बहीण, दोघे मिळून गोऱ्यांच्या सोसायटीत घर घेतात. तिथे त्यांना कोणी वाईट बोलत नाही, उलट सगळे इतके गोड बोलतात, की पाहणाऱ्याला घाम फुटतो. आणि गंमत म्हणजे मालिका स्वतःच्या माणसांनाही सोडत नाही. त्यांचे भाषणबाज पुढारी, गळ्यात सोन्याचे साखळदंड घालून गाणारी पोरं, आणि ती बहीण, जी भाच्यासाठी मुलगी बघताना आधी तिचं मनगट उलटं करून रंग पाहते. ते पाहताना मला आपली आत्याबाई आठवली. पाहुण्यांना तुमची ओळख करून देताना कशी म्हणायची, "रंगाने जरा हा असा, पण हुशार हो!" मी संगणकावरचं चित्र थांबवून एकटाच टाळ्या वाजवल्या.

याचं हिंदी डबिंग माझ्याकडे आलं. संवादही माझे आणि दिग्दर्शनही माझंच. आजवर दुसऱ्यांनी लिहिलेल्या ओळी पात्रांच्या ओठांवर बसवून द्यायचं काम करत होतो. पात्राचे ओठ मिटले की तिथे प, ब किंवा म पडायलाच हवा, नाहीतर आवाज चेहऱ्यावरून घसरतो. हे मला कुठल्या संस्थेने शिकवलं नाही. आवाज बंद करून चित्रं पाहत पाहत मीच शिकलो, आणि दिल्लीत हे काम माझ्याइतकं नेमकं करणारा दुसरा मला तरी भेटलेला नाही. तुम्ही म्हणाल, फुशारकी. असू दे.

आपलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर आठवतं का? स्वयंपाकघर इतकं लहान, की आई पोळ्या लाटायची तेव्हा तुम्हाला दारातच उभं राहावं लागायचं. रविवारी तुम्ही खांद्यावर टॉवेल टाकून त्या दारात उभे राहता, आणि तुमचं अख्खं ऑफिस आपल्या घरात येतं. सेक्शन ऑफिसर येतो, त्याचं नाक ओढणं येतं, दिवाळीला सगळ्यांच्या मिठाईचे डबे हातात तोलून पाहणारे मोठे साहेब येतात. मराठी मंडळाचे अध्यक्षसुद्धा येतात, गणपतीच्या मांडवात माईक सोडायला तयार नसलेले. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही स्वतः येता, पण त्यांना दिसणारे तुम्ही. दिल्लीत विंध्याच्या खालचा प्रत्येक सावळा माणूस मद्रासी. शेजारच्या आंटीला आईने किती वेळा सांगितलं, आम्ही महाराष्ट्रातले. त्यावर तिचं ठरलेलं, "हाँ जी, वो भी तो नीचे ही है ना!" मग तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात तो मद्रासी व्हायचात, आयुष्यात मद्रास न पाहिलेला. हातात अदृश्य इडली, मान डोलते आहे. आई लाटणं बाजूला ठेवून, पदर तोंडाला लावून हसायची. मला तेव्हा वाटायचं, बाबा मद्रासी माणसाची नक्कल करतात. फार उशिरा कळलं, की तुम्ही आंटीची नक्कल करत होता.

एकदा मीही केली. आपल्या भाजीवाल्याची. तो बिहारमधल्या दरभंग्याकडचा होता. सगळी हसली, तुम्ही नाही. मला वाटलं, गरिबाला हसू नये वगैरे ऐकावं लागणार. पण तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, "चूक आहे. तो असा बोलतच नाही. तू त्याला ऐकलंच नाहीस. लोक त्याची जी नक्कल करतात, तिची नक्कल केलीस." आणि पुन्हा चहा प्यायला लागलात. मला धडा द्यायचा होता की नुसती चूक दाखवायची होती, हे आजही ठरवता येत नाही. पण रागापेक्षा ते लागलं. नेमकं बोलायचं वेड तिथूनच लागलं असेल.

तर मागच्या आठवड्यात स्टुडिओचे मालक म्हणाले, "भाऊ, इस बुड्ढे को बिहारी कर दो। पूरे घर को बिहारी कर दो। हँसी पक्की." इथे डबिंगची ही रीतच आहे. परदेशी पात्र गरीब असलं, गावठी असलं, काळं असलं, की त्याच्या तोंडी बिहारी ढंग चढवायचा, आणि बाकीच्यांना साफ हिंदी. म्हाताऱ्याचा आवाज देणारा नटही दरभंग्याचाच निघाला, नाटकातला मुरलेला माणूस. त्याने हेडफोन कानाला लावत विचारलं, "सर, असली वाला करूँ या आप लोगों वाला?"

मालक म्हणाले, "जो चलता है, वो."

त्याने 'चलता है वो' केलं. सगळे हसले. आणि मला तुम्ही चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट. मी म्हटलं, हे मी लिहिणार नाही. मालकांनी पाहिलं माझ्याकडे. "भाऊ, लिखने वाले बहुत हैं." त्यांचंही बरोबर होतं. ज्या कामावर पहिल्यांदा माझं नाव जाणार, ते हातातून जायला एक फोन पुरेसा होता. शेवटी कसंबसं ठरलं, एकच प्रसंग दोन्ही तऱ्हांनी ध्वनिमुद्रित करायचा. गुडगावहून चॅनेलच्या मॅडम येतील, त्या ऐकतील, त्या ठरवतील.

प्रसंग असा. सोसायटीतली गोरी बाई केक घेऊन येते, म्हाताऱ्याचं बोलणं ऐकते आणि डोळे विस्फारून म्हणते, तुम्ही किती सुंदर बोलता! त्यावर त्याचं मूळ उत्तर अमेरिकेतल्या शाळांबद्दल आहे, ते इथे कोणाला कळणार नाही. मी दोन दिवस त्याचे ओठ पाहत होतो. आणि एकदम उभाच राहिलो, बाबा! तुमच्या साहेबांनी तुम्हाला हेच विचारलं होतं ना? "आप मद्रासी होकर भी इतनी साफ़ हिंदी कैसे बोल लेते हैं?" आणि स्वयंपाकघराच्या दारातून तुमचं उत्तर, थंड, दोन्ही हात मागे बांधून: "जी, बड़े ध्यान से आपको सुनता हूँ। ...जहाँ आप ग़लत बोलते हैं, वह जगह छोड़ देता हूँ।" बसवून पाहिलं तर 'बड़े'चा ब म्हाताऱ्याच्या मिटलेल्या ओठांवर जसाच्या तसा! मी काही ओढाताण केली नाही, तो आधीच तिथे होता.

मग उलटंच केलं सगळं. पडद्यावर सर्वांत स्वच्छ हिंदी म्हाताऱ्याची, तुमची फाइलीतली, एकेक अक्षर इस्त्री केलेलं. आणि गोऱ्या बाईला दिली आपल्या आंटीची भाषा. "हाय भाईसाहब, हम तो बिल्कुल फ़र्क़ नहीं करते जी, हमारी तो मेड भी उसी कप में चाय पीती है!" नट आधी आकाशवाणीसारखा बोलायला लागला. मी बूथमध्ये गेलो, हात मागे बांधून दाखवले, मधली ती थांबण्याची जागा दाखवली. त्याने एकदाच पाहिलं. पुढचाच टेक मी पक्का केला.

आज मॅडम आल्या. पोरसवदा, घाईत, फोनवर नजर. पहिली तऱ्हा ऐकून हसल्या, चांगल्या हसल्या. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरी लावली. गोरी बाई बोलत होती आणि मॅडम हसत नव्हत्या. फोन खाली. मी खुर्चीची कड धरून बसलो होतो, गेलं काम. म्हातारा थांबला, तुमच्याइतकाच थांबला, आणि बोलला. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. "हे भगवान, ये आंटी तो मेरी मम्मी है!" मग ज्या हसत सुटल्या, की रेकॉर्डिस्टने पाणी आणलं. "यही रखिए. पूरा ऐसे ही." मालक लगेच म्हणाले, "मैं तो शुरू से यही कह रहा था, मैडम." बाबा, तुम्ही असता तर त्यांना त्याच रविवारी दारात उभं केलं असतं!

निघताना नटाने खांद्यावर हात ठेवून विचारलं, "भाऊ, ये लाइन लाए कहाँ से?" मी सांगितलं, माझ्या वडिलांची आहे. भर ऑफिसात, मोठ्या साहेबांच्या तोंडावर बोलले होते. सगळा सेक्शन गार झाला होता. तो म्हणाला, "वाह. कलेजा था आदमी में."

तुम्ही गेल्यावर आईने मला सांगितलं होतं. ऑफिसात तुम्ही फक्त "जी, धन्यवाद" म्हणाला होता. ते वाक्य बसमध्ये जुळवलंत, आणि घरी येऊन, फोडणी जळेपर्यंत तिला तीनदा म्हणून दाखवलंत.

हे पत्र मी ठेवून देणार आहे. वाचलंत तर म्हणाल, चूक आहे, उद्या जाऊन त्या नटाला खरं सांग, दुरुस्त कर. आणि बाबा, बाकी सगळं मी दुरुस्त करतो, हे मला करायचं नाही.