लाल रेशमातला राजा

आई, आज दादांनी तुझं गळ्यातलं माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "तपास." तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या डबीला अजून तुझ्या खोबरेल तेलाचा वास आहे. माझ्या लेकीचं लग्न ठरलंय आणि लग्नात आजीचंच गळ्यातलं घालायचं असा तिचा हट्ट आहे. दादांच्या मनात मात्र जन्माची शंका. शुगर फॅक्टरीतल्या पहिल्या पगारातून त्यांनी कर्जतच्या यात्रेत आपल्या नव्या नवरीसाठी, तुझ्यासाठी, त्यातलं नाणं घेतलं होतं, स्पेनच्या राजाचं, चांदीचं. "फसलो आसंन तर आत्ताच सांग. पोरीच्या गळ्यात खोटं नको," म्हणाले.

मला आपला बेलापूरचा ओटा आठवला. बाजारचा दिवस आहे, तू पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून बसली आहेस आणि बायका जुन्या माळा नव्या रेशमात गाठवून घ्यायला आल्यात. राणीछाप रुपयांत एखादा असा स्पेनचा राजाही निघतो, कधीकाळी जहाजातून आलेला. मी लगेच तो दगडावर वाजवायला जाते आणि तू माझ्या हातावर चापट मारतेस. "कडी लावल्यालं नाणं वाजवून काय कळतंय? कड बघ." अस्सल नाण्याच्या कडेवर एक गोल, एक चौकोन, पुन्हा गोल, पुन्हा चौकोन अशी नक्षी असते, आणि समोरासमोरच्या दोन जागी तिची टोकं एकमेकांवर चढतात, कारण कड दोन तुकड्यांत दाबलेली असते. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याच्या कडेला बारीक सांधा राहतो आणि अक्षरं चोखलेल्या गोळीसारखी गुळगुळीत. सोनईच्या एका बाईच्या माळेत असंच एक निघालं. ती म्हणाली, "खोटं हाय म्हणून काय झालं? माझ्या सासूनं दिलंय, ववा तुमी." तू कानस उचललीस. "ववते की. पन खाच पाडल्याबिगर न्हाई. उद्या कुनी इकलं तर घेनारा फसायचा." कडीजवळ चांगली ठसठशीत खाच पाडलीस, मग ओवलंस. ती बाई हसत हसत माळ घालून गेली.

एका नाण्याची कड मात्र तू कधी कुणाला दाखवली नाहीस. दादांच्या राजाला तू काठाने लाल रेशमाची किनार विणली होतीस. का, विचारलं की "गळ्याला टोचतंय" म्हणायचीस. शेजारणींना सांगायचीस, "राजाचं नाक बघा, ह्यांच्यावानीच हाय का न्हाई?" आणि दादा लाजून नाक चोळायचे. आम्ही पोरं हसून हसून लोळायचो.

आज मी ते रेशीम उसवलं. कडेवर ना गोल, ना चौकोन, नुसता सांधा. दादांना काय सांगू? तेवढ्यात कडीजवळ नखाला काहीतरी लागलं. खाच! इतकी बारीक, की डोळ्यांना दिसतही नव्हती. मी एवढ्या मोठ्यानं हसले की दादा दचकले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते वेगळंच. तू ओळखलं होतंस, आई. नियमही मोडला नाहीस आणि माणूसही मोडलं नाहीस.

"काय गं, आस्सल हाय का न्हाई?"

"आईनं तपासलं हुतं, दादा."

"आं? मंग काय म्हनली?"

"काय म्हननार? जन्मभर गळ्यात घातलं की."

 दादा नाकावरून बोट फिरवत म्हणाले, "मंग आस्सलच हाय," आणि चपला घालून गल्लीभर सांगायला गेले.

लेकीला मी सगळं सांगितलं. ती म्हणते, आता तर दुसरं काही घालणारच नाही. तिच्यासाठी नवीन लाल रेशमाची किनार विणली, तुझ्याइतकी घट्ट जमली नाही. तुला लिहिलेला हा कागद डबीत ठेवावा असं फार वाटलं, पण दादा भेळीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाहीत. तेव्हा तो माझ्या रेशमाच्या टोपलीतच तळाशी राहील.

आणि एक सांगते. नवीन रेशीम विणायच्या आधी, उघड्या कडेचंच, मी ते गळ्यात घालून आरशासमोर उभी राहिले. अजिबात टोचत नाही गं.