दप्तरात निघालेलं कानाचं यंत्र

बाबू,
काल शाळेत जाऊन बाईंना वाटेल ते बोललास, म्हणे माझी लेक कुणाला छळत नाही. आज सुट्टी म्हणून तिचं दप्तर धुवायला काढलं, तर तळाशी वर्गातल्या मुलीचं कानाचं यंत्र निघालं. ती बिचारी चार दिवस ऐकू न येता बसलीय, आणि आपली बया मागून हाका मारून हसतेय. तिनंच कबूल केलं.

दोघी ते परत द्यायला चाललोय. गुडघे उठू देत नव्हते, तरी उठले. तुझं जेवण काढून ठेवलंय. उद्या कामाआधी बाईंची माफी माग.

तुझ्यासाठी मीही मास्तरांशी अशीच भांडले होते, खरंखोटं न बघता. पाठीशी घालायला तू माझ्याकडूनच शिकलास. पण आता बाप तू आहेस, यापुढचं तुझ्या माथी.