पातळ म्हणजे नक्की काय

तीर्थस्वरूप चंद्रकांता आत्येस धीरजचा सरावलीहून वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? (मलम स्वतःला चोळतेस, की अजून शेजारणींनाच वाटतेस?) शिरगावला ऊन चांगलं पडतंय आणि बोंबील कडक वाळताहेत, असं बाबांकडून कळलं. मीही बरा आहे. कालपासून तर दोन चपात्या जास्तच जेवतोय, कारण नोकरी वाचली. नुसती वाचली नाही, पक्की झाली!

माझं काम तू दर वेळी विचारतेस आणि मी सांगायला लागलो की तुला डुलकी लागते, म्हणून थोडक्यात सांगतो. आमच्या कारखान्यात सुक्या मासळीच्या पाकिटांसाठी पाच थरांचा प्लास्टिकचा कागद बनतो. पाच प्लास्टिकं वितळवून एकाच तोंडातून एकदम बाहेर काढायची. मधल्या थराने वास अडवायचा, बाकीच्यांनी त्याला सांभाळून घ्यायचं (आपल्या घरात बाबांना घेतात तसं). मशीन सुरू करण्याआधी हे रस एकमेकांशेजारून कसे वाहतील ते मी कॉम्प्युटरवर बघतो. दाट पेजेशेजारी पातळ कढी वाहू दिली तर कढी पुढे पळते आणि मध्ये लाटा उठतात, तसंच हे. पण आमच्या धर्मेशशेठचा या ‘टीव्हीतल्या प्लास्टिक’वर काडीचा विश्वास नाही. या वेळची चाचणी फसली तर कॉम्प्युटर हिशेबाच्या खोलीत जाईल आणि तू घरी, असं त्यांनी मला बजावलंच होतं.

कॉम्प्युटरने बरोबर सांगितलं: मधला रस जास्त तापून पातळ झालाय, आच कमी करा. मी वरच्या खोलीतून मशीनवरच्या सुजीतला मोबाइलवर कळवलं, ‘मधला थर पातळ आहे, लगेच बघ.’ (तुला पातळ म्हटलं की नेसायचंच आठवेल. पुढे वाच.) सुजीत भलताच आज्ञाधारक. पातळ म्हणजे जाडीला कमी, असं समजून त्याने मधल्या थराचा माल वाढवला. कागदावर अशा लाटा आल्या की भरतीने लाजावं. वर माझ्या पडद्यावर मात्र आच तशीच दिसत होती, म्हणून मी पुन्हा लिहिलं, ‘अजून पातळच!’ त्याने अजून वाढवला. शेवटी शेठच्या ओरडण्याचा आवाज आला तसा मी जिना उतरून धावलो. सुजीत घाम पुसत म्हणाला, “तुमी पातळ बोलले, मी जाड करतोय. अजून किती करू? गादी बनवायची हाय काय?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आच उतरवली, माल पूर्वीइतका केला, आणि कागद असा नितळ निघाला की माझे डोळेच भरून आले. तपासणीला रुचिता असते (घिवलीची, फार कडक, उगाच कुणाला पास करत नाही). तिने पास केला. वासाच्या परीक्षेसाठी तुझ्याच बोंबलांचं पाकीट शेठच्या टेबलावर ठेवलं. शेठ पक्के शाकाहारी. पाकिटाशेजारी बसून त्यांनी निवांत ढोकळा संपवला आणि मला कायम केलं. हुश्श! आत्ये, किती दिवसांनी झोप लागली म्हणून सांगू.

बाबांना कळव. बाकी माझं काही मागणं नाही.

तुझा भाचा,
धीरज

ता. क. एक मागणं आहे. घिवलीला रुचिताच्या घरी नारळ घेऊन जाशील का? नोकरी पक्की झाल्याशिवाय तू लग्नाचं नाव काढू देत नव्हतीस, म्हणून आजवर गप्प होतो.

पुन्हा ता. क. तिचा होकार आहे. बहुतेक. काल धीर करून मी तिला विचारलं, ‘काय, जुळलं का?’ तर हसून म्हणाली, ‘जुळलंय की मस्त!’ पण तेव्हा तिच्या हातात तोच कागद होता आणि ती थर बघत होती. तेवढं नारळ पुढे करण्याआधी विचारून घे.