बारा बाटल्या आणि एक काचपेटी

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षे होऊन गेली आणि मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. रागाला पुरावा लागतो, असे मी तर्कशास्त्राच्या वर्गात आयुष्यभर सांगत आले. म्हणून तो रीतसर मांडते. यंदा मागच्या अंगणातल्या कण्हेरीवर दोन मोठे प्रार्थनाकीटक सापडले, पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरून बसणारे ते शिकारी किडे. दोन्ही माद्या, बोटाएवढ्या लांब. मी त्यांना वेगवेगळ्या बरण्यांत ठेवले आहे: तोंडाला जाळीचे कापड, आत एक उभी काटकी, आणि दोन बरण्यांच्या मधे पुठ्ठा, कारण एकमेकींना दिसल्या की पुढचे पाय उगारून ताठ राहतात आणि अन्नाला तोंड लावत नाहीत. नात परवा म्हणाली, "आजी, काहून वेगळं ठेवून राहिली यांना? बोर होत असतील ना बिचाऱ्या." मी तिला सांगितले की यांची मैत्री पुढच्या जेवणापर्यंतच टिकते. ती हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण ते वाक्य तुमचे होते.

तुम्ही तेव्हा आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होता आणि तुमची विद्यार्थिनी म्हणून कीटकांची खोली माझ्या ताब्यात होती. पनागरच्या शेतांतून आणलेली पिल्ले मी एकेक वेगळी करून, सहा वेळा कात टाकेपर्यंत वाढवली. कात टाकताना ती उलटी लटकतात, तेव्हा खाली पुरेशी जागा नसेल तर वाकडी होऊन मरतात. म्हणून मी घमापुरातून उंच बाटल्या शोधून आणल्या होत्या. बारा कीटक, बारा बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: शेवटचे खाणे कधी, काय. मग बाहेरचे प्राध्यापक खोली पाहायला येणार असे कळले, आणि तुम्हाला त्या बाटल्या दरिद्री दिसू लागल्या. आदल्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतले भैया निरोप घेऊन आले: "दीदी, मैडम ने बोला है, सबको काँच वाली पेटी में कर दो।" मी तुमच्याकडे आले. एकमेकांना खातील, असे म्हटले. तुम्ही उत्तरपत्रिकांतून मान वर न करता म्हणालात, "एका रातीत काही होत नाही. पोट भरून ठेव अन् चलो, काम कर."

मी प्रत्येकाला दोन-दोन नाकतोडे दिले, खाऊन होईपर्यंत उभी राहिले, चिठ्ठ्यांवर तशी नोंद केली आणि मगच त्यांना पेटीत सोडले. सकाळी चार जिवंत होते. तळाशी पंख होते, पाय होते, आणि एक डोके होते ज्याच्या मिशा अजून हलत होत्या. पाहुणे दारात आले. विभागप्रमुखांनी विचारले, हे काय. तुम्ही माझ्याकडे पाहिले नाही, पेटीकडे पाहत शांतपणे म्हणालात, "हिनं काल खायला घातलं नसेल."

आता त्या वाक्याची तपासणी. उपाशी प्रार्थनाकीटक दुसऱ्याला खातो; इथे दुसऱ्याला खाल्ले; म्हणून ते उपाशी होते. हा निष्कर्ष निघत नाही, बाई. तापात अंग तापते हे खरे, पण तिलवाऱ्याच्या घाटावर उन्हात बसलेल्याचेही तापते. पोट भरलेली मादीसुद्धा समोर हलणाऱ्या वस्तूवर झडप घालते, हे तुम्हीच फळ्यावर लिहून दिले होते. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या हाताच्या अंतरावर होत्या, तुम्ही एकही वाचली नाही. म्हणजे तुम्ही चुकला नव्हता. तुम्ही खोटे बोलला होता, आणि खोटे बोलण्यासाठी खोलीतली सर्वांत लहान व्यक्ती निवडली होती. खोलीची किल्ली त्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतली गेली. निष्काळजी हा शब्द पुढे दोन वर्षे माझ्या नावाला चिकटून होता. तुम्ही नंतर व्हरांड्यात भेटलात की आईची तब्येत विचारायचात, पेटीविषयी मात्र कधीही बोलला नाहीत. मी प्राणिशास्त्र सोडले. ज्या विषयात विधानाला आधार द्यावाच लागतो, तो विषय घेतला.

तुमची मुलगी नागपूरला असते. हे पत्र तिला पाठवावे असे मनात होते. तिला कळायला हवे, असे मी स्वतःला बजावतही होते. पण इथवर लिहिल्यावर एका प्रश्नापाशी अडखळले, जो मी वर्गात दुसऱ्या कोणालाही टाळू दिला नसता: चिठ्ठ्या समोर होत्या, तोंड होते, मग मी का बोलले नाही? तो गुरूचा आदर होता, असे मी सर्वांना सांगत आले. ते असत्य आहे. मला तुमच्या हाताखाली संशोधन करायचे होते. मी मनाशी हिशेब मांडला की आज हिला वाचवले तर उद्या ही मला घेईल. तुम्ही घेतले नाहीत. माझा अर्धा राग त्या खोटेपणावर आहे; उरलेला अर्धा, माझ्या गप्प राहण्याची किंमत तुम्ही दिली नाहीत, याच्यावर आहे. हे तुमच्या मुलीला वाचू देण्याची माझी तयारी नाही.