नेडीनच्या हाताला बसेल असं

प्रिय नेडीन,

रविवारी फोनवर तू विचारलंस, माझ्या एवढ्याशा हाताला बसेल असं एखादं छोटं पिस्तूल तुमच्या दुकानात आहे का, असेल तर शनिवारी येऊन घेऊन जाते. मी म्हटलं, बघून सांगते. तेच सांगायला बसलेय. खरं म्हणजे हे तोंडी सांगायचं काम आहे, पण तुझ्याशी तोंडी बोलायचं म्हणजे तू अर्ध्यावरच "बरं बाई लॉर्ना, कळलं" म्हणतेस आणि हवामानावर घसरतेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही. आणि हा तुझ्या जिवाचा प्रश्न आहे, तिथे मला 'बघू, करू' म्हणायचं नाही.

आधी माझं रडगाणं ऐक. मी दमलेय गं. काउंटरमागे उभं राहून राहून गुडघ्यांनी हात टेकलेत, संध्याकाळी गाडीत बसताना पाय हाताने उचलून आत घ्यावा लागतो. आणि गुडघ्यांपेक्षा जास्त दमलेय ती त्याच त्या बोलण्याने. दर आठवड्याला कुणीतरी टोपीवाला येतो आणि म्हणतो, बायकोसाठी हवंय, तिचे हात लहान आहेत, तेव्हा सगळ्यात लहान काढा. मी विचारते, बायको कुठेय? तर ती बाहेर गाडीत बसलेली असते! बायकोच्या हाताला काय बसेल हे हा बाबा स्वतःच्या पंजात धरून ठरवणार. मी आता वादही घालत नाही. नुसती बाहेर जाते आणि तिला बोलावून आणते.

तुला व्हर्लिन स्टॉकर आठवतो का, पुलापलीकडचा, गवताचे भारे विकणारा? त्याने मागच्या नाताळात बायकोसाठी, मॅक्सिनसाठी, एक रिव्हॉल्व्हर नेलं. मुठीला जांभळा रंग, वजनाला सफरचंदाएवढं. मी सांगून थकले. नाताळ संपला नाही तोच मॅक्सिन त्याला दंडाला धरून दुकानात घेऊन आली. रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "एकदा झाडलं, तर मनगट दोन दिवस वर होत नव्हतं. हे नको बाई मला." व्हर्लिन बिचारा म्हणतो, "अगं, पण दिसायला किती नाजूक आहे!" तर ती म्हणते, "दिसायला तूही लग्नात बरा होतास." ड्युएन, आमचा मालक, हसता हसता मागच्या खोलीत पळाला. मी पण हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून तुला लिहितेय.

चूक सगळ्यांची एकच होते. हात लहान म्हणजे पिस्तूल लहान, असं वाटतं. पण पिस्तूल जितकं लहान आणि हलकं, तितका त्याचा धक्का मोठा, कारण तो पेलायला पिस्तुलात वजनच नसतं. सगळा धक्का येतो तो अंगठ्याच्या सांध्यात. म्हणून लहान हाताला मधल्या मापाचं द्यावं, थोडं वजनदार, फक्त मूठ अरुंद हवी. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली खाच मुठीच्या मागे वरपर्यंत नीट बसली पाहिजे आणि नळी मनगटाच्या रेषेत आली पाहिजे. तसं धरल्यावर चापावर बोटाचं पहिलं पेर पोचलं पाहिजे. पोचत नसेल तर माणूस नकळत मूठ फिरवून घेतो, आणि तिथेच सगळं बिघडतं. शिवाय गोळी चढवण्यासाठी वरचा भाग मागे ओढायला किती जोर लागतो तेही बघावं लागतं. लहान हातांच्या बायका तिथेच अडतात, आणि मग कुणीतरी पुरुष "आण इकडे" म्हणून हातातून काढून घेतो. आमच्या कपाटात तुझ्यासाठी एक अगदी बरोबर आहे. छोटी गोळी, अरुंद मूठ, वरचा भाग लोण्यासारखा मागे येतो. मी काढून पाहिलं. तुझ्या हाताचं माप मला पाठ आहे.

पाठ का नसेल? बाबांचे पंजे माझ्याकडे आले आणि आईचे तुझ्याकडे. तुला हातमोजे लहान मुलांच्या फळीवरचे आणावे लागायचे, आणि तू दुकानात रडायचीस, कारण त्यांच्यावर अस्वलं असायची. कुंपणावर डबे मांडून बाबा आपल्याला नेम शिकवायचे तेव्हा त्यांचं ते जुनं धूड तुझ्या दोन्ही हातांत मावायचं नाही. तू चिडून मला म्हणायचीस, "तुझे हात म्हणजे फावडी आहेत." मी म्हणायचे, "आणि तुझे म्हणजे चिमणीचे पाय." पण मेंढ्या व्यायच्या दिवसांत बाबा मला कधी हाक मारायचे नाहीत. कोकरू अडलं की सगळं अंगण तुझ्या नावाने घुमायचं. बाबांचा हात आत जायचा नाही, माझाही नाही, तुझा जायचा. तू कोपरापर्यंत माखून बाहेर यायचीस आणि तुझ्या त्या मिजाशीचा मला असा राग यायचा म्हणून सांगू! आता राग नाही.

ऑरिनच्या आजारपणात मेंढ्या विकल्या गेल्या ते बरंच झालं असं मी म्हटलं होतं. चुकीचं बोलले असेन. नवऱ्याचं दुखणं काढताना तुला झोप नव्हती, त्यात मेंढ्या कुठे बघणार होतीस. पण ऑक्टोबरात ऑरिनला माती दिली आणि तेव्हापासून त्या घरात तुला हाक मारायला कुणीच नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी दर रविवारी फोन करत होते. तू "ठीक आहे" म्हणत होतीस. मीही थकलेली असायचे, तुझं ठीक आहे ऐकून मला सुटल्यासारखं व्हायचं.

एक गोष्ट तुला माहीत आहे आणि तरी आपण दोघी कधी बोललो नाही. आपल्याकडे कुणाच्या घरातलं माणूस असं गेलं की मातीला आलेल्यांपैकी कुणीतरी जाता जाता म्हणतो, त्याची हत्यारं जरा तेलपाणी करून देतो. घेऊन जातो. परत कधी आणणार ते घरची माणसं विचारत नाहीत आणि नेणाराही सांगत नाही. ऑरिनच्या रायफली त्याच्या पुतण्याने नेल्या. त्याचं ते मोठं रिव्हॉल्व्हर मी नेलं. तू दारात उभी होतीस, बघितलंस. ते माझ्याकडे कुलपात आहे. तेल केव्हाच घातलंय.

आता रविवारच्या फोनचं बोलते. तू म्हणालीस, घर रस्त्यापासून लांब, एकटी बाई, कुणी ना कुणी येतं-जातं, म्हणून पिस्तूल हवं. पटण्यासारखं आहे. अशा बायका माझ्याकडे रोज येतात आणि मी त्यांना मनापासून मदत करते, तुलाही केली असती. मी सगळ्यांना विचारते तेच तुला विचारलं. पर्समध्ये ठेवणार की उशाशी? म्हणालीस, कुठेही. धक्का कितपत झेपेल? म्हणालीस, कितीही असला तरी चालेल. सरावाला ये, मॅक्सिनही येते, जेवायला जाऊ, म्हटलं. म्हणालीस, सराव कशाला. मग मी टकची चौकशी केली, तर तू म्हणालीस, कुत्रा क्लाइडकडे देऊन टाकला, त्याला तिथेच बरं. तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. चोराला भिणारी बाई भुंकणारा कुत्रा शेजाऱ्याला देईल का गं? आणि फोन ठेवता ठेवता तू अगदी सहज विचारलंस, "गोळ्या सुट्ट्या मिळतात का?" नेडीन, तू मेंढवाड्यावर वाढलीस. गोळ्या डब्याने मिळतात हे तुला बोलता येण्याआधीपासून ठाऊक आहे.

लहान हातांसाठी पिस्तूल निवडताना सगळी डोकेफोड असते ती दुसऱ्या गोळीसाठी. पहिली कुणाच्याही हातून सुटते. मूठ अरुंद हवी, वजन हवं, पेर पोचायला हवं, हे सगळं पहिल्या धक्क्यानंतर पिस्तूल हातात जागच्या जागी राहावं म्हणून. ज्याला जगायचं असतं तो दुसऱ्या गोळीची काळजी करतो, खोदून खोदून विचारतो, माझं डोकं खातो. तू काहीच विचारलं नाहीस. असं गिऱ्हाईक आलं की ड्युएन काउंटरवर येतो आणि म्हणतो, माफ करा, विकण्याआधी गिऱ्हाइकाची सरकारी चौकशी करायचं यंत्र बंद पडलंय, सोमवारी या, आणि तोवर बसा, कॉफी घ्या. यंत्र चांगलं चालू असतं. काही जण कॉफी घेतात. एक जण तर दुपारभर बसला आणि शेवटी स्वतःच बोलायला लागला. फोन ठेवल्यावर मी ड्युएनला सगळं सांगितलं. तो टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "तू अजून इथे काय करतेयस? निघ." मी गुडघ्यांचं काहीतरी बोलले. तो म्हणाला, "गुडघे बरोबर घेऊन जा."

म्हणून हे तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय. सकाळी तू दार उघडलंस तेव्हा माझ्याकडे न बघता आधी माझ्या पिशवीकडे बघितलंस आणि म्हणालीस, "आणलंस?" मी म्हटलं, प्रवासाने दमलेय, आधी पडू दे. तू म्हणालीस, मी पण पडते, आणि आत गेलीस. तेव्हापासून दुपार झाली, तू उठलेली नाहीस. मी चार वेळा दार ढकलून तुझा श्वास बघून आले. पिशवीत माझे कपडे आहेत, गुडघ्यांचं मलम आहे, दुसरं काही नाही. ते पिस्तूल मी तुला देणार नाही, विकत नाही आणि उसनंही नाही, आणि या तालुक्यातल्या सगळ्या दुकानदारांना ड्युएनने फोन केलेत. चिड माझ्यावर, शिव्या दे. मला एकच विचारायचं आहे, आणि तोंडाने विचारायला गेले की माझा आवाज फुटतो, म्हणून एवढे कागद काळे केले. नेडीन, तुला मरायचं आहे का? हो असेल तर हो म्हण. मी किंचाळणार नाही, देवाचं नाव घेणार नाही, तुला शहाणपण शिकवणार नाही. डॉक्टरीणबाईंशी बोललेय, आज त्या कितीही वाजता आपल्याला घेतील, मी गाडी चालवीन. नाही असेल तर नाही म्हण, तरी मी इथेच आहे, मागच्या खोलीतला पलंग मी झाडून घेतलाय. हे टेबलावर ठेवून मी बाहेर पायरीवर जाऊन बसतेय. दार उघडंच आहे. हे वाचून झालं की ये आणि माझ्याजवळ बस, काही बोलली नाहीस तरी चालेल, नुसती बस.

तुझीच, आणि इथून न हलणारी,
लॉर्ना