पाटीच्या गाण्याचं चौथं कडवं

अण्णा, तुमच्या पाटीच्या गाण्याची आतापर्यंत त्रेचाळीस रेकॉर्डिंगं मी ऐकली. एकातही चौथं कडवं नाही.

गेले तीन आठवडे माझा हाच उद्योग चालू आहे. दुपारी आईला भरवलं, गोळ्या दिल्या, कूस बदलून दिली की मी खिडकीशी बसते आणि मोबाईलवर तुमचं गाणं शोधते. आई पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन या वयात झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता ती उठायची नाही, हे तिलाही कळलंय आणि मलाही. तिने आयुष्यात कधी काही मागितलं नाही, ते तुम्हाला माहीत आहे. पण तीन आठवड्यांमागे पेज भरवताना एकदम म्हणाली, "तुझ्या बापानं माझं नाव घातलेलं ना गाण्यात, ते कडवं एकदा लाव. मी कधी ऐकलंच नाय." मी लावते म्हणाले.

म्हणून ही शोधाशोध. तुमचं गाणं कोणी कोणी गायलंय, ऐकाल तर थक्क व्हाल. बँडवाल्यांनी वाजवलंय. डीजेवाल्यांनी छातीत धडधड होईल असं करून ठेवलंय. एका कॉलेजच्या मुलीने गिटारवर इतकं हळू म्हटलंय की पाटी नव्हे, पाळणा वाटावा. एका रॅपवाल्या पोराने मधेच स्वतःचं भांडण घुसवलंय, ते मात्र तुम्हाला आवडलं असतं. एका गायकाने तर तिसऱ्या कडव्यात बिनदिक्कत स्वतःचंच नाव टाकलंय. तुमचं नाव कुठेच नाही. गाण्याखाली कवीच्या जागी 'पारंपरिक' लिहितात, म्हणजे ज्याचा बाप कोणाला माहीत नाही ते.

मला माहीत आहे. भोईवाड्याच्या आपल्या खोलीत, चुलीपाशी, माझ्या डोळ्यांदेखत ते गाणं झालं. आई हॉस्पिटलात आया होती आणि हजेरीच्या वहीत अंगठा उठवायची. तुम्ही गिरणीतून आलात की माझी पाटी तांदळाच्या डब्यावर ठेवता, आणि ती भाकरी थापता थापता पिठाच्या हाताने पेन्सिल धरते. हाताला फिनेलचा वास असतो, तो पिठानेही जात नाही. एक अक्षर काढते, तव्यावरची भाकरी उलटते, पुन्हा एक अक्षर. तुम्ही चिडता, "अगो, काना द्यायचाय, खुंटी नाय ठोकायची!" महिनाभराने तिला तिचं नाव लिहिता आलं. पुढची अक्षरं शिकवायला बसलात तर म्हणाली, "मला माझ्यापुरतं आलं. बाकीची तुमच्या लेकीला शिकवा." त्यानंतर ती सही करायला लागली. अजूनही तिला तेवढंच वाचता येतं, स्वतःचं नाव.

"कोरी नाही राहिली गं, आई, तुझी पाटी," हे ध्रुपद. पहिली तीन कडवी तुमच्या आईवर, म्हणजे माझ्या आजीवर. चौथं माझ्या आईवर. आपल्याकडे कवी शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो, तीच त्याची सही. तुम्ही तिथे तिचं नाव घातलंत. तुमच्या गाण्याच्या पार्टीतले लोक हसले असतील, पण तुम्ही ऐकणारे नव्हता. फक्त घरात ते कडवं तुम्ही कधी म्हटलं नाही. तिच्यासमोर तुम्हाला लाज वाटायची, आणि कार्यक्रम असायचा तेव्हा तिची ड्युटी. चाळीतल्या बाया तिला सांगायच्या, तुझं नाव घेतात गो सगळ्यांसमोर. ती म्हणायची, "काय तरी चळ." पण हसायची.

आता तिच्या नावाबद्दल. चार मुलींच्या पाठीवर झाली म्हणून आजोळच्यांनी ठेवलेलं, नको झालेल्या पोरीचं नाव ते. शाळेत बाईंनी माझ्या फॉर्मवरून आईचं नाव मोठ्याने वाचलं तेव्हा वर्ग हसला होता आणि मी मान खाली घातली होती. ती मान पुढे बरीच वर्षं वर आली नाही.

मी दादरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगच्या कामाला लागले, त्याचा आनंद माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त झाला. गिरणी बंद पडून तुम्ही माहीमला वॉचमन झाला होतात. कधी ड्युटी संपवून स्टुडिओत यायचात आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचात. आमचा कीबोर्डवाला परदेशातल्या काळ्या लोकांच्या गाण्यांनी वेडा झाला होता. एकदा त्याने तुम्हाला एकच गाणं तीन वेगवेगळ्या गायकांचं ऐकवलं. म्हणाला, "काका, इसको सोल बोलते हैं. शंभर लोकांनी गायलंय हे." तुम्हाला त्यातला एक शब्द कळला नाही. तिन्ही ऐकून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "पहिला रडतोय. बाई भांडतेय. तिसऱ्याला घरी जायची घाई हाय." कीबोर्डवाला उडालाच. मग तुम्ही विचारलंत, "पण ज्यानं पहिलं बांधलं त्याचं हे लोक काय करतात?" तो म्हणाला, नाव लिहितात. तुम्ही बराच वेळ मान डोलवत राहिलात.

त्याच वर्षी मालकाने चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी सीडी काढायचं ठरवलं आणि मी तुमचं गाणं सुचवलं. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलात. गायकाला चाल शिकवलीत, ढोलकीवाल्याला ठेका सांगितलात, काचेपलीकडे उभे राहून हाताने टाळ्या देत राहिलात. गायकाने चारही कडवी एका दमात म्हटली. आईचं नाव आलं तेव्हा कीबोर्डवाला फिस्सकन हसला आणि मला म्हणाला, "हे काय नाव आहे यार?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि ती माझी आई आहे हे त्याला माहीतही नव्हतं. मी सांगितलं नाही. मीही थोडीशी हसले, अण्णा.

तुम्ही गेल्यावर मालक म्हणाला, गाणं लांबतंय, एक कडवं काढ. मी विचारलं, कुठलं? तो म्हणाला, "तू बघ. तुझ्या वडिलांचं आहे, तुला कळतं." एवढंच म्हणाला. पहिलं काढता आलं असतं, दुसरं तर सहज निघालं असतं, त्यात तसंही पहिल्यातलंच पुन्हा होतं. मी चौथं काढलं. आपल्या घरचं ते नाव मिरवणुकीत, अख्ख्या परळमध्ये स्पीकरवरून वाजेल, उद्या स्टुडिओतल्या सगळ्यांना ते कोणाचं हे कळेल, या विचाराने माझे कान गरम झाले होते. काढलेला तुकडा ठेवायचा का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी नाही म्हणाले. आणि घाईघाईत दोन टोकं जोडताना ढोलकीची अर्धी मात्रा जास्त कापली गेली. ध्रुपद अर्धी मात्रा आधीच येऊन पडलं. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी तसंच सोडलं.

मिरवणुकीच्या दिवशी आईने पहिल्यांदा ड्युटी बदलून घेतली. निळ्या काठाची पांढरी साडी नेसून चाळीच्या दाराशी बायांच्या घोळक्यात उभी राहिली. ट्रक नाक्यावर थांबला आणि तुमचं गाणं लागलं. तुम्ही पार्टीच्या माणसांबरोबर रस्त्यात उभे होता आणि मी तुमच्या मागे. तिसरं कडवं संपलं. चाळीतल्या बाया आईला कोपराने ढोसायला लागल्या. तुम्ही चौथ्याच्या टाळीसाठी हात उचललेत आणि तेवढ्यात ध्रुपद आलं, अर्धी मात्रा आधी. तुमचे हात वरच राहिले. गाणं संपलं, लोक नाचत होते, आणि आई अजून ट्रककडे बघत होती. तिला वाटलं पुढे येईल. गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं, ते तिने पुन्हा शेवटपर्यंत ऐकलं. मग "आमटी टाकायची राहिलीय" म्हणत वर गेली.

तुम्ही मला एवढंच म्हणालात, "आवाज बरा बसलाय, बाय." घरी जेवताना विचारलंत, "ते कडवं कोणी काढलं?" मी म्हणाले, "मालकाने. कंपनीचं तसंच असतं, वेळ ठरलेला असतो." तुम्ही घास चावलात, गिळलात. "मालक स्वतः कापतो काय गो?" मी हो म्हणाले. तुम्ही स्टुडिओत कितीदा येऊन बसला होतात. मालकाला कॉम्प्युटर चालूही करता येत नाही हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तुम्ही पुढे काही विचारलं नाही. एक कानफटात मारली असतीत तर बरं झालं असतं. आई मात्र त्या दिवसापासून कंपनीच्या नावाने बोटं मोडत आली.

पुढे तुमच्याच पार्टीतली माणसं सीडीप्रमाणे गायला लागली. तुम्ही चौथं उचललंत की लोक ध्रुपद म्हणून मोकळे व्हायचे. मग तुम्हीही सोडून दिलंत. दोन-तीन वर्षांत छातीने धरलं. गिरणीतला कापूस इतक्या वर्षांनी बाहेर निघत होता. शेवटी शेवटी तुम्ही खोकल्याच्या मधे गुणगुणायचात आणि तिसऱ्या कडव्यापाशी थांबायचात. मी तिथेच बसलेली असायचे. तेव्हाच पुढचं कडवं विचारायला हवं होतं, खरं सांगायलाही हवं होतं. मी तुमची उशी सारखी करत राहिले.

आता ऐका. ती त्रेचाळीस रेकॉर्डिंगं. प्रत्येकात, बँडच्या, गिटारच्या, त्या रॅपच्याही, तिसऱ्या कडव्यानंतर ध्रुपद अर्धी मात्रा आधी येतं. सगळे त्या सीडीवरूनच शिकले. माझी चूक आता चाल झाली आहे. लोक नेमकी तिथेच टाळी घेतात. एका पोराने व्हिडिओत समजावून सांगितलंय की या उडीतच जुन्या शाहिरांची खरी कमाल आहे. मी ते ऐकलं आणि फोन पालथा घातला. तिथे कमाल नाही, अण्णा. तिथे आईला कापून काढलंय, आणि त्या भोकावर सगळं गाव नाचतंय.

मला त्या कडव्याचे शब्द आठवत नाहीत. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी मशिनवरचे आवाजाचे काटे बघत होते, शब्द ऐकत नव्हते. स्टुडिओ केव्हाच बंद झाला, तिथली मशिनं भंगारात गेली. तुमच्या पार्टीतला एकच माणूस उरलाय. त्याला फोन केला तर म्हणाला, "चौथं? त्याला तीनच कडवी ना?"

शेवटी तुमची वही काढली. चाळ पाडली तेव्हापासून ती आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी होती. पाटीचं गाणं सापडलं. तुम्ही ते सीडीप्रमाणे दुरुस्त करून ठेवलं होतंत. चौथ्या कडव्यावर निळ्या पेनाने इतक्या रेघा मारल्यात की कागद फाटायला आलाय. उजेडात धरलं, भिंग लावलं, एक शब्द लागत नाही. फक्त तिचं नाव तुम्ही खोडलेलं नाही. रेघा त्याच्या अलीकडे थांबतात आणि पलीकडून पुन्हा सुरू होतात.

काल दुपारी ती वही मी आईपुढे धरली. दुसरं काय करणार होते? तिने पानावरून बोट फिरवलं, रेघांवरून, सावकाश, आणि एका जागी थांबली. एकेक अक्षर लावत स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग विचारलं, "बाकीचं कंपनीनं खोडायला लावलं काय ह्यांना?"

मी हो म्हणाले.

आई वही छातीवर ठेवून पडून राहिली. तिच्यासमोर बोलता आलं नाही म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले. हे कुठे पाठवायचं नाही, त्याच वहीत राहील. तिचं काही फार दिवसांचं राहिलेलं नाही, आणि ती असेपर्यंत माझ्या तोंडून हे निघेल असं मला वाटत नाही.

एवढं लिहिलं आणि ती जागी झाली. "काय लिवतेस?" म्हणाली. मी म्हणाले, कामाचं आहे. तिने हात पुढे केला, म्हणून कागद द्यावे लागले. प्रत्येक पानावरून तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, कुठेच थांबली नाही, आणि कागद परत दिले. "माझं नाव नाय ह्याच्यात," म्हणाली. मी ते पहिल्या ओळीपासून मुद्दाम टाळलं होतं.