चेतीबाईची चूल

कुळगाव, ता. ७ ऑगस्ट १९५२

ती. गं. भा. आजींच्या चरणी कुमुदिनीचा शि. सा. न. वि. वि.

मी माहेरी सुखरूप पोचले. नववा महिना लागला म्हणून आई मला कळशीलाही हात लावू देत नाही. सबंध दिवस ओटीवर बसून असते.

पण चित्त तिकडेच आहे. शेजारच्या चेतीबाईंच्या गोपीला गोवर निघाला म्हणून ह्यांनी मला तडकाफडकी इकडे आणून सोडलं, ते बरोबरच केलं. पण निघताना त्याला दारातूनसुद्धा बघता आलं नाही. चार वर्षांचं पोर, भिंतीपलीकडून ‘दीदी, दीदी’ हाका मारत होतं आणि मी ट्रंक बांधत होते. माझ्या ओव्या त्याने उचलल्या आहेत. ‘ळ’ येत नाही, म्हणून ‘बाळ’चं ‘बाल’ करून म्हणतो. रात्रंदिवस तेच कानात आहे.

आजी, त्याचं कसं आहे ते खरं लिहा. मी घाबरेन म्हणून गोड लिहू नका. गोड लिहायची तुम्हाला सवय नाही, तेव्हा मला लगेच कळेल. आणि त्यांच्याकडून वाटी आली तर चिंच-राखेने तीन-तीनदा घासून परत करू नका. बघणाऱ्याला वाईट दिसतं.

ह्यांना वेळेवर जेवू घाला. लोभ आहे तसा राहू द्यावा.

आपली
कुमुदिनी


उल्हासनगर, कॅम्प ४
श्रावण वद्य ५

चि. सौ. कुमुदिनीस कौसाबाईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी दोन बुकं शिकलेली, अक्षर लागेल तेवढं लाव. श्रीपाद वेळेवर जेवतो. फॅक्टरीचा भोंगा माझ्यापेक्षा चांगला वेळ पाळतो, त्यात माझं कौतुक नको.

पोराचं विचारलंस. बरं नाही. पुरळ सगळं बाहेर आलं, पण ताप उतरत नाही आणि खोकल्याने छाती वाजते. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, दोन-तीन दिवस जपा. खरं लिही म्हणालीस, लिहिलं. आता रडत बसू नकोस, पोटातल्याला ऐकू जातं.

त्यांच्या दाराला कडुलिंब लावलाय. आपल्यासारखाच. मला वाटलं होतं सिंध्यांचं काही वेगळं असेल. मी दारापर्यंत गेले तर चेतीबाईने लगेच पापड आणि पाणी पुढे केलं. घरात पोर तापाने फणफणतंय आणि हिला पाहुण्याच्या पापडाची पडलीय. पान नाही, वरणभात नाही, नुसता पापड कसला खायचा? खाल्ला. चांगला होता.

परवा कढी पाठवली होती. तिच्यात ताक नाही. ताक नाही तर कढी कशाला म्हणायची, असं मी श्रीपादला विचारलं, तर तो दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

पोराच्या उशाशी बसून ती तुझ्या बाळाला गोधडी शिवतेय. लग्नातल्या कपड्यांचे तुकडे शिकारपुराहून बांधून आणले होते, ते लावलेत. सगळं घरदार तिकडे टाकलं आणि चिंध्या आणल्या. मी टाका बघितला. मागूनही गाठ दिसत नाही. नाव ठेवायला जागा नव्हती.

वाटी मी दोनदाच घासते. लोभ ठेव आणि पाय पसरून बस.

कौसाबाई


उल्हासनगर
श्रावण वद्य ७, दुपार

सौ. विठा विहीणबाईंस,

तुम्हाला अक्षर येत नाही, म्हणून हे कार्ड दौलतराव व्याह्यांकडून वाचून घ्या. कुमुदच्या हाती अजिबात देऊ नका. कोपरा फाडलाय, त्यावरून समजाल.

शेजारचं पोर गेलं. काल दिवसभर तळणाचा वास येत होता, तेव्हा मला वाटलं उतार पडला. आज सकाळी खोकला ऐकू येईना. दारातून डोकावले तर चूल थंड. राखेवर पाणी शिंपडलेलं, चार बाया डोईवर पदर घेऊन हात जोडून बसलेल्या आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, ‘ठार, ठार’. इतक्या दिवसांत त्यांच्या बोलण्यातला एक शब्द मला नीट कळला, तो हा.

पोरीचे दिवस भरत आलेत. बाळंत होऊन उठेपर्यंत तिच्या कानावर जाता कामा नये. तिने विचारलं तर बरा आहे म्हणून सांगा. पाप लागलं तर माझ्या माथी.

मी पिठलं-भाकरी टाकतेय. त्यांच्यात चालतं की नाही ठाऊक नाही, पण पोट सगळ्यांना असतं.

कौसाबाई


उल्हासनगर
श्रावण वद्य ७, संध्याकाळ

चि. सौ. कुमुदिनीस अ. उ. आ.

आधी हे वाच. गोपी जिवंत आहे. ताप पहाटे उतरला. माझ्यासमोर बसून खातोय. दुपारी तुझ्या आईला कार्ड टाकलं, ते खोटं आहे. टाकताना खरं होतं. श्रीपादला उद्या गोकुळाष्टमीची सुटी आहे, तो सायकलने पत्र घेऊन येतोय. टपालवाला आधी पोचला असेल तर काय झालं ते पुढे आहे.

गोपी गेला असं मी समजले. चूल पेटलेली नव्हती, दुसरं काय समजणार? टोपलीत पिठलं-भाकरी घेतली, पदर डोईवर घेतला आणि जाऊन चेतीबाईजवळ बसले. बसल्यावर करतात तसं तिचा हात धरला आणि असं कसं झालं म्हणून सुरुवात केली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला मराठी येतं ते भाजीवालीपुरतं, मला तिचं तेवढंही नाही. मग मी म्हटलं की कुमुदला काही कळवणार नाही. त्यातलं तिला ‘कुमुद’ तेवढं कळलं.

ती ऊर बडवायला लागली. मला वाटलं आता बांध फुटला, रडू दे. मीही रडले. तुला ठाऊक आहे मी रडत नाही, पण पोर गोड होतं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. बाकीच्या तिघीही रडायला लागल्या. त्या कोणासाठी रडत होत्या ते त्यांनाही ठाऊक नसावं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून गोपी आला. अंगभर डाग, हातात जाडजूड गोड पोळी, आणि सगळ्या बाया का रडतात म्हणून विचारतोय. मी त्याला हात लावून बघितला. अंग गार होतं, पण पोळी चावत होता, तेव्हा शंका राहिली नाही. माझ्या तोंडून पहिली शिवी गेली ती त्याला.

मग तिचा थोरला मुलगा टेकचंद आला. तो टोपली घेऊन पापड-बिस्किटं विकतो, त्यामुळे त्याला सगळ्यांच्या भाषा येतात. त्याने उलगडा केला. आज त्यांचा सण. आदल्या दिवशी रांधून ठेवतात, चुलीवर पाणी शिंपडून तिला निजवतात आणि दिवसभर शिळं खातात. शीतळामातेला म्हणतात, लेकरांना ठार. ठार म्हणजे त्यांच्यात गार करणं. आपण गारठा म्हणतो, त्यांनी त्यातलं अर्धं उचललं असणार. देवीसमोर असला शब्द उच्चारायचा तर शेजाऱ्यांना आधी सांगावं, असं मी त्याला सुनावलं.

आणि चेतीबाई समजली होती की तू बाळंतपणात गेलीस आणि ते सांगायला मी आले. तू धडधाकट आहेस हे टेकचंदने तिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने मला चापट मारली. जोरात.

माझं पिठलं गरम होतं, ते आज तिला चालेना. टाकूही देईना. मग ते मध्ये ठेवून आम्ही सगळ्या ते निवायची वाट बघत बसलो. एक बाई गायला लागली, तर गोपीने तिला थांबवून तुझी ओवी म्हटली. गार पिठल्याचा दगड होतो. त्यांनी तो गोड पोळीबरोबर खाल्ला. मीही खाल्ला. पुन्हा खाणार नाही.

लोभ वाढव, जीव घाबरा करू नकोस.

कौसाबाई


कुळगाव, ता. १४ ऑगस्ट १९५२

ती. गं. भा. आजींस कुमुदिनीचा शि. सा. न. वि. वि.

गोपीचं वाचून इतकं हलकं वाटलं की काल प्रथमच पोटभर जेवले.

टपालवाला ह्यांच्या आधी तासभर पोचला. माझ्या हाती देऊ नका, हे आजी, तुम्ही कार्डावरच लिहिलंत. ते आई कशी वाचणार? पण फाटका कोपरा म्हणजे कोणी गेलं, एवढं तिने ओळखलं. बाबा शेतावर होते. मला दाखवायची सोय नाही. तिने स्वतःशीच विचार केला की कॅम्पातून असं कार्ड आलं म्हणजे तुम्हीच गेलात. मला न सांगता विहिरीवर जाऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि गोठ्यात बसून रडली.

मी विचारते आहे, ती सांगत नाही. एवढ्यात हे सायकलवरून हजर. आईने ह्यांना बघितलं आणि आजीमागे पोरका झालास म्हणून हंबरडाच फोडला. रडण्यात ह्यांना शब्द कळले नाहीत, वाटलं माझंच काही झालं. मी ओटीवर आले तेव्हा हे सायकलला धरून खाली बसले होते. मग पत्र मीच मोठ्याने वाचून दाखवलं. आई आधी हसली, मग थंड पाण्याची अंघोळ फुकट गेली म्हणून तुमच्यावर रागावली.

चेतीबाईंना माझा नमस्कार सांगा. गोपीचा पापा घ्या, तुम्हाला जमत नसलं तरी. माया आहे ती असू द्यावी.

आपली
कुमुदिनी


उल्हासनगर
श्रावण वद्य ११

सौ. विठा विहीणबाईंस कौसाबाईचा नमस्कार वि. वि.

हे कुमुदकडूनच वाचून घ्या, लपवण्यासारखं काही नाही.

माझ्यासाठी गोठ्यात रडलात असं कळलं. पाच वर्षं तुम्ही माझ्याशी दोन शब्द सरळ बोलला नाहीत, तेव्हा मला नवल वाटलं. अंघोळ फुकट गेली म्हणू नका. पुढे उपयोगी पडेल.

चेतीबाईने हट्ट धरलाय. टेकचंदने सांगितलं, श्रीपादने सांगितलं, तरी तिचा विश्वास बसत नाही. कुमुदला डोळ्यांनी बघायचं म्हणते. कोण मेलं आणि कोण जिवंत, हे ती आता माझ्या तोंडावर सोडणार नाही. गोपीच्या अंगावरचे डाग गेले की आम्ही येतो. गोधडी तिने हातावेगळी केली आहे. पापड ती आणतेय. तुम्ही कढी करा, ताकाची, म्हणजे तिलाही कळेल.

एकच सांगणं. आम्ही येऊ त्या दिवशी सकाळपासून चूल पेटती ठेवा. नाहीतर आम्ही दोघी दारातच रडायला बसू.

तुमच्या लोभातली,
कौसाबाई